टाचेची कंडरा तुटल्यावर सूज दाबायची की राहू द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५४ वर्षांचे. बॅडमिंटन खेळताना टाचेवरची कंडरा तुटली, शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. घोट्याभोवती अजून सूज आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सूज उतरवणारी गोळी पहिल्या आठवड्यातच बंद केली, ओळखीतले दुसरे डॉक्टर म्हणतात ती चालू ठेवायला हवी होती. एका मित्राने पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं) इंजेक्शन सुचवलंय, मावशींनी इम्युनिटी वाढवणारा काढा पाठवलाय. आणि तुम्ही वाचलंय की कंडरा जोडण्याचं काम रोगप्रतिकारक पेशीच करतात. मग त्यांना मदत करायची की आवर घालायचा?

कंडरा जोडायला या पेशी हव्याच, आणि त्याच ती बिघडवूही शकतात. त्या येतात कधी आणि निघून जातात कधी, यावर सगळं ठरतं. पहिल्या आठवड्यातली सूज आणि सहाव्या महिन्यातली सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना एकच गोळी देणं हा आपल्याकडचा जुना घोळ आहे.

आधी कंडरा म्हणजे काय ते पाहू, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी ही पांढरी, चिवट पट्टी. गावाकडे तिला सरसकट ‘शीर’ म्हणतात. कंडरेची रचना सुंभाच्या दोरासारखी असते: कोलॅजेन या प्रथिनाचे बारीक धागे, त्यांचे पेड, पेडांची जुडी, सगळं एकाच दिशेला ओढ घेणारं. या धाग्यांच्या मधे तुरळक पेशी असतात, त्यांना टेनोसाइट म्हणतात. रक्तपुरवठा बेताचाच. टाचेच्या कंडरेत तर हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तो सगळ्यात कमी, आणि बहुतेक वेळा ती तुटते ती तिथेच.

ही वस्तू किती संथ आहे याचा एक सुंदर पुरावा २०१३ मध्ये डेन्मार्कमधून आला. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढलं आणि नंतर हळूहळू उतरलं. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या शरीरात जे काही तयार झालं त्यावर त्या वर्षाची खूण राहिली. संशोधकांनी टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला तेव्हा दिसलं की तो साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे तुमच्या वडिलांच्या टाचेतलं कोलॅजेन बहुतेक त्यांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतलंच होतं. जी वस्तू रोजच्या रोज स्वतःला नव्याने बांधत नाही, ती तुटल्यावर स्वतःच्या बळावर पटकन उभी राहील ही अपेक्षा चूक. मदत बाहेरून, रक्तातून यावी लागते. रोगप्रतिकारक पेशींचं काम इथून सुरू होतं.

आणखी एक गोष्ट, कारण बहुतेक रुग्ण म्हणतात, “डॉक्टर, काहीच त्रास नव्हता, उडी मारली आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं.” फिनलंडचे कान्नुस आणि हंगेरीचे योझा यांनी १९९१ मध्ये आपोआप तुटलेल्या ८९१ कंडरांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातली एकही सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी नव्हती. ९७ टक्क्यांमध्ये झिजेचे बदल होते. तुलनेसाठी घेतलेल्या न तुटलेल्या कंडरांमध्येही सुमारे एकतृतीयांश वेळा असे बदल सापडले. तेव्हा वडिलांच्या बाबतीतही गडबड त्या दिवशीच्या स्मॅशच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असणार.

आता तुटल्यानंतरचा क्रम पाहू.

पहिल्या काही मिनिटांत तुटलेल्या टोकांमध्ये रक्त साचतं आणि गोठतं. त्या गाठीतल्या प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा अशी वाढीची प्रथिनं बाहेर पडतात. हे एक प्रकारचं बोलावणंच. ते ऐकून आधी पोचतात न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये यांची संख्या सगळ्यात जास्त, आयुष्य लहान आणि स्वभाव तापट. मेलेल्या पेशी आणि फाटलेले धागे विरघळवणारी एन्झाइम ते सोडतात. उंदरांच्या टाचेच्या कंडरेवर केलेल्या प्रयोगांत न्यूट्रोफिलची गर्दी पहिल्याच दिवशी शिगेला पोचते आणि मग वेगाने ओसरते. ती ओसरलीच पाहिजे, कारण या पेशी सापडेल ते खातात, आजूबाजूचा चांगला भागही सोडत नाहीत.

त्यांच्या मागोमाग रक्तातून मोनोसाइट येतात आणि जखमेत उतरल्यावर त्यांच्या मॅक्रोफेज पेशी बनतात. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वेळ ज्यांच्यावर घालवावासा वाटतो त्या या पेशी. सुरुवातीच्या मॅक्रोफेज भांडखोर असतात. इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी दाह पेटवणारी रसायनं त्या सोडतात, मेलेलं गिळतात, कोलॅजेन कापणाऱ्या एन्झाइमना चालना देतात. तुम्हाला बाहेरून दिसणारी लाली, गरमपणा, ठणका आणि सूज बरीचशी यांचीच करणी. पुढच्या काही दिवसांत जखमेतल्या मॅक्रोफेजचा नूर बदलतो. मेलेले न्यूट्रोफिल गिळणं हाच त्या बदलाचा एक मोठा इशारा असतो: ते पोटात गेलं की मॅक्रोफेज दाह पेटवणं थांबवते आणि दाह शमवणारे, बांधकामाला हात देणारे रेणू सोडू लागते. टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-१०, नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणारी प्रथिनं. मग कंडरेतल्या आणि तिच्या आवरणातल्या पेशी वाढू लागतात आणि कोलॅजेन ओततात.

पुस्तकांत या दोन रूपांना एम-१ आणि एम-२ म्हणतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. खऱ्या जखमेत मात्र मॅक्रोफेज अशा दोन खणांत बसत नाहीत, मधल्या कितीतरी छटा असतात आणि एकाच वेळी शेजारी शेजारी नांदतात. शिवाय सगळ्याच बाहेरून येतात असंही नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या गटाने २०१९ मध्ये निरोगी कंडरेच्या आतच राहणाऱ्या, मॅक्रोफेजसारखे गुण असणाऱ्या पेशी दाखवल्या आणि त्यांना ‘टेनोफेज’ असं नाव दिलं. म्हणजे घरात पहारा आधीपासून असतो.

या मॅक्रोफेजच काढून टाकल्या तर? हा प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कमधल्या शल्यविशारदांनी २००८ मध्ये उंदरांच्या गुडघ्यात कंडरेचा तुकडा हाडाच्या बोगद्यात बसवला, खेळाडूंच्या एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) शस्त्रक्रियेत बसवतात तसा, आणि एका औषधाने मॅक्रोफेजची संख्या घटवली. हाड आणि कंडरा यांचा सांधा अधिक चांगला आणि अधिक मजबूत झाला. वाचून वाटतं, चला, सापडला खलनायक. पण तसं नाही. तिथे प्रश्न वेगळा होता: हाड आणि कंडरा यांच्यामध्ये वणाची जाड पट्टी तयार होते आणि त्यात मॅक्रोफेजचा हात असतो. मधोमध तुटलेल्या कंडरेत, जिथे दोन टोकांमधली पोकळी भरायची असते, तिथे सुरुवातीच्या दाहाशिवाय भरणा नीट होत नाही. कुठल्या जागेची दुखापत आहे हे न पाहता ‘मॅक्रोफेज चांगल्या की वाईट’ असं विचारण्यात अर्थ नाही.

तुमच्या गोळीच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर स्वीडनमधल्या लिंकॉपिंगच्या प्रयोगशाळेतून आलं. पेर आस्पेनबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांची टाचेची कंडरा कापली आणि त्यांना पॅरेकॉक्सिब हे वेदनाशामक, दाहविरोधी औषध दिलं. काहींना पहिल्या पाच दिवसांत दिलं, काहींना त्यानंतर. लवकर दिलेल्यांची कंडरा कमकुवत राहिली. उशिरा दिलेल्यांचं नुकसान तर झालं नाहीच, उलट नव्या ऊतीचा दर्जा सुधारला. औषध तेच, वेळ वेगळी. पुढे त्याच ठिकाणी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबद्दलही असंच दिसलं: सुरुवातीचा दाह आटोपल्यावर थोडे दिवस दिलं तर उंदरांची कंडरा अधिक मजबूत झाली. उंदरांचा आठवडा म्हणजे माणसाचा आठवडा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं, त्यामुळे यावरून कुणी वडिलांना डेक्सामेथासोन सुरू करू नये. पण तत्त्व स्पष्ट आहे आणि तुमच्या शल्यविशारदांनी पहिल्याच आठवड्यात गोळी बंद केली ती याच विचाराने असणार. मीही तेच केलं असतं. पहिल्या दोनेक आठवड्यांत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पाय उंच ठेवणं, गरजेप्रमाणे बर्फ, आणि खूपच ठणका असेल तर थोडे दिवस वेगळ्या जातीचं वेदनाशामक.

एक इशारा इथेच देतो. अशा शस्त्रक्रियेनंतर काहींना पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन किंवा ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी असं काही लिहून दिलेलं असतं. ते सूज उतरवण्याचं औषध नाही. ‘दाह दाबायचा नाही’ असं वाचून ते परस्पर बंद करू नका.

आता दुसऱ्या टप्प्याकडे. साधारण पहिला आठवडा संपता संपता बांधकाम जोर धरतं आणि काही आठवडे चालतं. वडील सध्या याच टप्प्यात आहेत. ओतलं जाणारं कोलॅजेन आधी तिसऱ्या प्रकारचं असतं: बारीक, विस्कळीत, पण चटकन तयार होणारं. नंतर महिनोन्‌महिने त्याची जागा पहिल्या प्रकारचं जाड, सरळ कोलॅजेन घेतं. ही अदलाबदल कधीच पूर्ण होत नाही. तुटलेला दोर पुन्हा पीळ घालून पूर्ववत झाला असं होत नाही, गाठ मारून वापरात आणला असं होतं. म्हणूनच बऱ्या झालेल्या पायाची टाचेची कंडरा आयुष्यभर दुसऱ्या पायापेक्षा जाड लागते. त्या जाडीला सूज समजून घाबरलेले रुग्ण दोन-दोन वर्षांनी माझ्याकडे येतात. हात लावून गरम नाही, चालताना दुखत नाही, मग ती फक्त गाठ आहे, राहू द्या.

हे काम किती काळ चालतं? कोपनहेगनच्या गटाने २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या टाचांचं पेट स्कॅन केलं. कंडरा साखर किती खाते, म्हणजे तिच्यात किती हालचाल चालू आहे, हे त्यात दिसतं. एक वर्ष उलटलं तरी दुरुस्त कंडरेतली हालचाल चांगल्या पायापेक्षा जास्त होती. तीन आठवड्यांची सूज पाहून घाई करण्याचं कारण नाही, ते यासाठी.

टी पेशी आणि मास्ट पेशी या आणखी दोन रोगप्रतिकारक पेशींबद्दल थोडक्यात सांगतो. मास्ट पेशी नसा आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला बसतात आणि जुनाट दुखऱ्या कंडरेत त्यांची संख्या वाढलेली सापडते. नसांतून सुटणारा सब्स्टन्स पी नावाचा रेणू त्यांना चिथावतो, त्यामुळे दुखणं आणि दाह एकमेकांना पोसतात. टी पेशी संख्येने थोड्या, पण त्यांतल्या काही इंटरल्यूकिन-१७ सोडून दाह लांबवतात, तर नियामक टी पेशी तो आवरतात. या नियामक पेशींमध्ये सध्या बरंच कुतूहल आहे, त्याचं कारण नवजात उंदीर. न्यूयॉर्कमधल्या ॲलिस ह्युआंग यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या उंदराची टाचेची कंडरा कापली तर कंडरेच्याच पेशी ती पोकळी भरतात आणि कामात जवळपास पूर्ववत कंडरा तयार होते. प्रौढ उंदरात ती पोकळी वणाने भरते. पुढच्या कामात त्याच गटाला या फरकामागे नियामक टी पेशींचा हात दिसला. तान्ह्या जिवाची प्रतिकारव्यवस्था दाह लवकर आवरते, प्रौढाची तो रेंगाळू देते. माणसाच्या उपचारापर्यंत यातलं अजून काही आलेलं नाही, म्हणून ‘स्टेम सेल’च्या जाहिराती पाहून पैसे मोजू नका.

आतापर्यंत मी तुटलेल्या कंडरेबद्दल बोललो. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या, न तुटलेल्या कंडरेचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे आणि तिथे आमच्या क्षेत्राने दोनदा कोलांटउडी मारलेली आहे. पूर्वी दुखऱ्या कंडरेला सरळ टेंडिनायटिस म्हणायचे, म्हणजे दाह आहे असं गृहीत धरून दाहविरोधी गोळ्या द्यायचे. २००२ मध्ये करीम खान, जिल कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की या कंडरांत दाहाच्या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत, ही झीज आहे, हा शब्दच टाकून द्या. आमच्या पिढीने तो टाकला. मग २०१० च्या सुमारास ग्लासगोचे नील मिलर आणि नंतर ऑक्सफर्डच्या स्टेफनी डाकिन यांनी नव्या तंत्रांनी पाहिलं आणि मॅक्रोफेज, टी पेशी, मास्ट पेशी, दाहाचे रेणू सगळं सापडलं, विशेषतः आजाराच्या सुरुवातीच्या काळात. आधीच्या लोकांना ते दिसलं नाही, कारण ते बहुतेक शस्त्रक्रियेला आलेल्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या कंडरा पाहत होते आणि मोजण्याची साधनं ढोबळ होती.

ऑक्सफर्डच्या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुनाट दुखऱ्या कंडरेतल्या टेनोसाइट बाहेर काढून वाढवल्या आणि त्यांना दाहाची चिथावणी दिली, तर त्या निरोगी पेशींपेक्षा जास्त भडकतात. म्हणजे रोगप्रतिकारक पेशी निघून गेल्या तरी कंडरेच्या स्वतःच्या पेशी ती आठवण धरून बसतात. ग्लासगोच्या गटाने २०१५ मध्ये याचा एक धागा दाखवला: इंटरल्यूकिन-३३ या इशाऱ्यामुळे मायक्रोआरएनए-२९ए हा पेशीतला नियामक रेणू घटतो आणि पेशी पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनऐवजी तिसऱ्या प्रकारचं ओतू लागते. बाहेरून झीज दिसते, आत दाहाने दिलेला चुकीचा आदेश चालू असतो. झीज की दाह, हा वाद मला म्हणून फारसा उपयोगी वाटत नाही.

मग अशा जुनाट दुखण्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन का नको? कारण आराम पडतो तोच फसवा असतो. ऑस्ट्रेलियात ब्रूक कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी टेनिस एल्बो (कोपराजवळच्या कंडरेचं जुनाट दुखणं) असलेल्या १६५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना वर्षभरात दुखणं उलटलं, खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १२ टक्क्यांना. स्टेरॉइड दाह दाबतं, पण त्याबरोबर टेनोसाइटची कोलॅजेन बनवण्याची ताकदही दाबतं. टाचेच्या कंडरेत तर ते टोचूच नये, तुटण्याचा धोका असतो. वडिलांना आधी टाच दुखायची आणि कुणी तिथे ‘एक इंजेक्शन’ दिलं होतं का, हे जरूर विचारा. दिलं असेल तर शल्यविशारदांना सांगा.

हाताच्या बोटांची गोष्ट आणखी निराळी. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेले हात आणि वर्षभर कडबाकुट्टीत सापडलेली बोटं आमच्याकडे येतात. तळहातापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत कंडरा अरुंद नळीतून सरकतात. तिथेही हेच न्यूट्रोफिल, हेच मॅक्रोफेज येतात, पण वण नळीच्या भिंतीला चिकटला की कंडरा जुळूनही बोट वळत नाही. म्हणून तिथे शिवण टाकून काही दिवसांतच, हाताच्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, बोट हलवायला सुरुवात करतात. टाचेत वण जाड झाला तर चालून जातं, बोटात एक मिलिमीटर महाग पडतो.

हालचालीवरून पुन्हा वडिलांकडे येऊ. माझ्या मते तुमच्या यादीतल्या कुठल्याही औषधापेक्षा मोठा उपचार म्हणजे मोजून दिलेला भार. लिंकॉपिंगच्याच कामात दिसलं की जुळत्या कंडरेवर थोडा भार दिला की लगेच जागी होणाऱ्या जनुकांमध्ये दाहाशी संबंधित बरीच असतात. म्हणजे भार दाह थोडा चाळवतो, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, कंडरा अधिक मजबूत होते. धाग्यांना दिशा मिळते ती ओढ बसल्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर घालायच्या बुटातल्या टाचेखालच्या चकत्या एकेक कमी करत, डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पाय टेकवणं सुरू झालं पाहिजे. घाबरून तीन महिने पलंगावर ठेवलेला पाय आणि सहाव्या आठवड्यात उत्साहाने मारलेली उडी, दोन्ही वाईट. दुसरीत तर कंडरा लांबते, आणि लांबलेल्या कंडरेने चवड्यावर उभं राहता येत नाही.

शिवण हे काम करत नाही, पेशी करतात, हे पटत नसेल तर २०२२ चा नॉर्वेतला अभ्यास पाहा. ५२६ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींची नाही, सगळ्यांना व्यवस्थित पुनर्वसन मिळालं. वर्षभरानंतर पायाच्या कामात फरक नव्हता. शस्त्रक्रियेचा फायदा दिसला तो पुन्हा तुटण्यात: विनाशस्त्रक्रिया ६.२ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के. वडिलांची शस्त्रक्रिया झाली हे ठीकच झालं, पण आता उरलेलं काम टाक्यांचं नाही.

पीआरपी. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट गोळा करून टोचायच्या, म्हणजे ते पहिलं बोलावणं पुन्हा द्यायचं, ही कल्पना कागदावर छान आहे. टाचेच्या जुनाट दुखण्यावर मात्र ती टिकलेली नाही. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये ५४ आणि ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये २४० रुग्णांवर नीट चाचण्या झाल्या, दोन्हींत खोट्या इंजेक्शनपेक्षा फायदा दिसला नाही. आणि वडिलांच्या बाबतीत तर ते बोलावणं तीन आठवड्यांपूर्वीच देऊन झालंय, कामाला आलेल्यांना पुन्हा हाक मारून काय साधणार? ते पैसे फिजिओथेरपीवर खर्च करा.

काढा. मावशींचा हेतू चांगला आहे, पण ‘इम्युनिटी’ ही टाकीतल्या पाण्यासारखी एका नळाने भरायची वस्तू नाही हे वरच्या सगळ्यावरून लक्षात आलं असेल. कुठल्या पेशी वाढवायच्या? तापट न्यूट्रोफिल, की आवर घालणाऱ्या टी पेशी? मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण शस्त्रक्रियेनंतर आधीच चार औषधं चालू असलेल्या माणसाला पाचवं अनोळखी काही देऊ नये, एवढं तर कुणीही मान्य करील. डाळी, उसळी, दूध, अंडी, खात असतील तर मासे-चिकन पोटभर द्या. कोलॅजेन त्यातूनच होतं.

त्यापेक्षा साखर तपासा. तुम्ही वडिलांच्या मधुमेहाबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो आहे हे एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळीच कळतं. साखर चढलेली असली की मॅक्रोफेजचा तो नूर बदलत नाही: त्या भांडखोर रूपातच अडकतात, दाह रेंगाळतो, वरची जखमही ओली राहते. शिवाय साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ठिसूळ करते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, करून घ्या. कोलेस्टेरॉलही एकदा पाहा. दोन्ही टाचांच्या कंडरा आधीपासूनच जाड, गाठाळ असतील आणि घरात तरुण वयात हृदयविकार झालेलं कुणी असेल, तर तिथल्या मॅक्रोफेज चरबी खाऊन फुगल्याची शक्यता असते. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं काही असेल तर आजपासून बंद. आणि पुढे कधी ताप-खोकल्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असं अँटिबायोटिक लिहून दिलं तर कंडरा तुटल्याचं डॉक्टरांना सांगा. या गटातली औषधं कंडरेला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच त्यांच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

राहिली ती घोट्याभोवतीची सूज. संध्याकाळी वाढते, रात्री पाय उशीवर ठेवला की सकाळी उतरते, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, फारसं दुखत नाही, असं असेल तर ती अपेक्षित आहे आणि काही महिने येत-जात राहील. मात्र पोटरी एका बाजूला घट्ट, गरम आणि दुखरी झाली, मांडीपर्यंत सूज चढली, तर ती कंडरेची सूज नाही. पायातल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला हवं, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठायचं. टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला, जखमेची कड काळी पडली, ताप आला, तरीही फोनवर सल्ला विचारत बसू नका. आणि बुटात पाय टेकवताना पुन्हा ते ‘लाथ मारल्यासारखं’ वाटलं, चवडा खाली दाबता येईनासा झाला, तर बूट न काढता तसंच शल्यविशारदांकडे घेऊन जा.